दहा मिनिटांचा अंधार

गेल्या महिन्यात जयमाला साळवेला आमच्या हॉस्पिटलात दहा वर्षं झाली म्हणून तिचा सत्कार झाला. व्यवस्थापकांनी भाषणात 'मेहनती', 'मनमिळाऊ' आणि 'संस्थेचा आधारस्तंभ' एवढेच शब्द आलटून पालटून वापरले. मी पहिल्या रांगेत दातओठ खात बसले होते. अहो, मनमिळाऊ? जयमाला? ती आत असताना तिच्या डार्करूमचं दार एकदा न विचारता उघडून बघा, मग कळेल मनमिळाऊ कशाला म्हणतात ते! तिनं खरं काय केलं हे त्या दिवशी कुणी बोललंच नाही. ते सांगायचं तर माझी चूकही सांगावी लागते, म्हणून मीसुद्धा नारळ-शाल होईपर्यंत गप्प बसले. घरी आले आणि स्वतःचाच राग आला. आता सांगते.

मी इंदू. नगरच्या सावेडीतल्या या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं ओपीडीची सिस्टर आहे. माझी जीभ तिखट आहे असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. माझे वडील भिक्षुकी करायचे. सकाळची आंघोळ झाल्याशिवाय आमच्या घरात पाण्याच्या हंड्याला कुणाचा हात लागत नसे. ते सोवळं-ओवळं मी केव्हाच सोडलं, पण स्वच्छतेचं वेड काही सुटलं नाही. खेड्यातून बाई तपासायला आली की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "आंघोळ करून आलीस का गं?" या प्रश्नानं पुढं काय घोटाळा केला तेही सांगणारच आहे.

जयमाला नागापूरची. एमआयडीसीच्या मागं जी चाळ आहे, तिथं वाढली. वडील बन्सीकाका एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, तेव्हापासून त्या घरात बुद्धाच्या तसबिरीशेजारी पोरांच्या मार्कशीटा टांगायची पद्धत. जयमालाची बारावी सायन्सची मार्कशीट मी तिथं स्वतः पाहिली आहे, फ्रेम करून, काच लावून.

तिची आई भागिरथीबाई मात्र वेगळंच प्रकरण. चाळीत कुणाचे गुडघे धरले, कुणाला लचक भरली, कुणाला गाठ आली, की सगळे भागिरथीबाईंकडे. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, तेलाचं काळं टिपूस आलं की दुखऱ्या जागी फुली ओढायची. लहानपणी दिवा धरायला जयमाला. "आई कातडी बघूनच फुली मारायची," ती मला सांगायची. "म्हणायची, बिब्बा कातड्याचा सोबती, आत त्येचं काय चालत न्हाई." या एका वाक्यावर पुढं किती गोष्टी उभ्या राहिल्या ते बघा.

एकोणनव्वद साली ती आमच्याकडे डार्करूममध्ये मदतनीस म्हणून लागली. एक्स-रेच्या फिल्म धुवायच्या, वाळत टांगायच्या, एवढंच काम. पहिल्या दिवशी मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं होतं आणि मनात म्हटलं होतं, आठवडाभर टिकेल. वर्षभरात ती नुसत्या वासावरून सांगायला लागली की डेव्हलपर थकलाय, आज फिल्म फिकट येतील. आणि फिकटच यायच्या! मी हरले, हे मी तेव्हाच कबूल करायला हवं होतं.

शहाण्णव साली आमचे सर्जन, अवधूत सर, मुंबईच्या कॉन्फरन्सहून एक दिवा घेऊन आले. छातीत गाठ असलेल्या बायकांसाठी. अंधाऱ्या खोलीत हा प्रखर लालसर दिवा स्तनाच्या एका बाजूला टेकवायचा आणि दुसऱ्या बाजूनं बघायचं. हाताच्या पंज्यामागं बॅटरी धरली की बोटं लाल दिसतात ना, तसंच. आत पाण्याची गाठ असली तर उजेड सरळ पार होतो. रक्त जास्त ओढणारी गाठ असली तर तिथं काळी सावली पडते. तरण्या बायकांचं अंग घट्ट असतं, एक्स-रे काढला तर फिल्म सगळी पांढरीफटक येते, काही म्हणजे काही कळत नाही. त्यांच्यासाठी सरांना हा दिवा हवा होता.

दिवा छान होता, पण चटके बसायचे. बन्सीकाकांनी नागापूरच्या शेडमध्ये पत्र्याची दुहेरी नळी वळवली, तिला छोटा पंखा बसवला, आणि वर एक खोकंही करून दिलं, उचलून नेता येईल असं. आणि अंधारी खोली तर जयमालाचीच. त्यामुळे दिवाही आपोआप तिच्याकडे आला.

तिथंच तिनं पहिला नियम काढला. आत गेलं की दहा मिनिटं अंधारात नुसतं बसायचं. बाईनं, जयमालानं आणि डॉक्टरांनीसुद्धा. डोळे सरावल्याशिवाय दिवा लावायचा नाही. अवधूत सर म्हणजे सदा घाईत, एक पाय ऑपरेशन थिएटरात. दोन मिनिटांत म्हणायचे, "लाव आता." ही अंधारातून म्हणायची, "अजून आठ आहेत सर." त्या खोलीत साहेब कोण आहे हा प्रश्न महिन्याभरात मिटला. आणि त्या दहा मिनिटांत बायका बोलायच्या. उजेडात ज्या बायका नवऱ्याचं नाव सांगायला लाजायच्या, त्या अंधारात सगळं सांगून मोकळ्या व्हायच्या.

पण सावली म्हणजे सगळं काही नव्हे. मुका मार लागून रक्त साकळलं तरी सावली पडते. म्हणून सरांनी पुण्याच्या एका मोठ्या सेंटरमधल्या माधुरी मॅडमशी बोलून ठेवलं. तिथं दुसरंच मशीन. दंडातून किरणोत्सर्गी औषधाची सुई द्यायची. अंगात कुठं वाईट गाठ वाढत असेल तर ती ते औषध ओढून घेते आणि मशीनच्या पडद्यावर तेवढी जागा उजळते. जयमाला येणाऱ्या बायकांना हे असं समजावायची, "आपल्या दिव्यानं कळतं घरात कोण उभं आहे. पुण्याच्या मशीननं कळतं जेवायला कोण बसलंय. दोन्ही ठिकाणी एकच माणूस सापडला, की त्याला धरायचं." तीन वाक्यांत झालं की हो!

एकच जागा आहे हे कळण्यासाठी खूण. आमच्याकडे दिव्याखाली सावली जिथं दिसेल तिथं कातडीवर जयमाला निळ्या औषधाचा ठिपका द्यायची. पुण्यात त्या ठिपक्यावर त्यांच्या औषधाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेऊन चिकटवायचे. पडद्यावर तो बारीक चमकतो. खूण आणि उजळलेली जागा एकावर एक पडली तर सुई नेमकी तिथं घालायची, तुकडा तपासायचा.

आता बनुबाई. सत्त्याण्णव साल, दसऱ्याला आठ दिवस होते. पाथर्डीकडची बाई, चौतीस वर्षांची, सडसडीत, काळीसावळी. नवरा सहादेव बरोबर. दसरा झाला की त्यांची ऊसतोडीची टोळी निघणार, ती पुढं सहा महिने कारखान्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. बाई राहिली तर नवराही राहिला. डाव्या छातीत गाठ होती, चार महिन्यांपासून, खोल, हाताला धड लागायचीही नाही. "दुखत न्हाई बगा," ती म्हणाली. "दुखत न्हाई म्हनूनच भ्या वाटतंय." वर सासूनं बिब्ब्याची ही मोठी फुली मारलेली.

मी विचारलं, "आंघोळ केलीस का?" तर ओशाळून म्हणाली, "पहाटं यष्टी धरली सिस्टरबाई, कवा करू?"

डार्करूममध्ये मीही होते. दहा मिनिटं झाली, जयमालानं दिवा लावला. अवधूत सरांनी वाकून बघितलं. काळा डाग स्पष्ट होता. सर सरळ झाले. "बिब्बा आहे हो हा. कातडीचा डाग. उगाच घाबरवलंत." बनुबाईनं एवढा मोठा सुस्कारा सोडला की मलाही बरं वाटलं.

"सर, थांबा," जयमाला म्हणाली. तिनं बनुबाईची कातडी अंगठ्यानं हळूच छातीच्या मध्याकडे ओढली. कातडीबरोबर फुली सरकली. आणि तिच्या मागं, काखेच्या बाजूला, दुसरी सावली जागची हलली नाही. गोल, तशीच. फुली तिच्या कडेवर बसली होती म्हणून दोन्ही मिळून एकच डाग दिसत होता.

"बिब्बा कातडीबरोबर जातो," जयमाला म्हणाली. "हे गेलं नाही."

सर पुन्हा वाकले. स्वतःच्या अंगठ्यानं कातडी ओढून बघितली. मग म्हणाले, "दे ठिपका." तिनं दिला, सावलीच्या बरोबर मधोमध. आणि आपल्या वहीत लिहिलं, फुलीपासून काखेकडं दोन बोटं. ही तिची सवय. डॉक्टर केसपेपर लिहितात, ती वही लिहिते.

सरांनी त्याच दिवशी सुई घालून बघितली. गाठ खोल, सुई हुकली, नुसतं रक्त आलं. म्हणून बनुबाईला पुण्याला पाठवायचं ठरलं. पत्र दिलं, फोन केला. आणि निघताना मी तिला बजावलं, "मोठ्या हॉस्पिटलात जायचंय. स्वच्छ आंघोळ करून जा. नगरची नाचक्की नको." अगदी बोट नाचवून बजावलं मी. माझ्या कानात अजून ऐकू येतं ते.

पाच दिवसांनी दोघं रिपोर्ट घेऊन आले. तोवर दसरा तीन दिवसांवर आला होता. सरांनी रिपोर्ट मोठ्यानं वाचला. औषध थोडं साठलं आहे, पण खुणेची जागा आणि साठलेली जागा जुळत नाही. बिब्ब्यामुळे सूज असावी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासावं.

"चला, छान झालं," सर म्हणाले. सहादेवनं हात जोडले. बनुबाईनं पदरानं डोळे पुसले. पण रिपोर्टबरोबर आलेली फिल्म उजेडाच्या पाटीवर लावून जयमाला त्या फिल्मकडे टक लावून बघत उभी. हातात वही.

"सर, हे बरोबर नाही."

"जयमाला, सगळं नीट होत आलंय, आता तू मध्येच बिब्बा घालू नकोस."

"नीट कुठं सर? जुळत नाही असंच तर लिहिलंय." तिनं फिल्मवरच्या मोजपट्टीच्या रेघेनं अंतर मोजलं. "खूण आतल्या बाजूला पडलीय. उजेड काखेकडं. मधे दोन बोटं. माझ्या वहीत फुली आणि ठिपका यांच्यात दोनच बोटं आहेत. यांनी बोळा फुलीवर लावलाय. निळ्या ठिपक्यावर नाही."

"ते का असं करतील? ठिपका दिसत नव्हता का त्यांना?"

जयमाला बनुबाईकडे वळली. "ताई, निळा ठिपका होता ना तिथं? तुम्ही पुण्याला गेला तेव्हा होता का?"

बनुबाईचा चेहरा कसा उजळला! शाबासकी मिळणार असं वाटलं बिचारीला. "न्हाई की. म्या झाक आंगूळ करून गेल्ते. त्यो निळा डाग काय केल्या निघंना, मंग पाय घासायची वजरी घेतली आन् घासून घासून काढला. बिब्बा काय निघत नस्तो, त्यो तेवढा ऱ्हायला."

तिला आंघोळ करायला लावणारी मीच. पुण्याच्या पोरांचा काय दोष? त्यांना अंगावर एकच काळी खूण दिसली, तिच्यावर त्यांनी बोळा लावला. मी आयुष्यभर बायकांना घासूनपुसून पाठवत आले, आणि एकीला पाठवलं ते थेट सहा महिन्यांच्या उसाच्या फडात, गाठ तशीच घेऊन!

सर चिडले. "कुणी सांगितलं होतं हिला ठिपका पुसायला?"

मी तोंड उघडलं. मग टेबलावरचे केसपेपर नीट लावायला लागले. जयमाला शांतपणे म्हणाली, "ठिपका पुसला गेला सर. आता परत द्यायचा."

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. "तुला ठाऊक होतं. मी सांगितलं तेव्हा तू शेजारीच होतीस. नाव का नाही घेतलंस माझं?"

"घेतलं असतं तर ठिपका परत आला असता का, इंदूताई?" ती म्हणाली. "वेळ नाही आपल्याकडं."

खरंच नव्हता. सहादेव व्हरांड्यात अडून बसला होता. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी टरक हाय. मुकादम कुनासाठी थांबत न्हाई. डागदरनी सोता सांगितलं, सा म्हैन्यानं या. मंग आता काय नवीन?" त्याचंही चुकत नव्हतं. जयमाला त्याच्यासमोर खाली फरशीवर बसली. "दादा, ही गाठ आत्ता आवळ्याएवढी आहे. सहा महिन्यांनी काखेत गेली तर मग आम्ही कितीही मशिनं लावली तरी उपयोग नाही. मला एक दिवस द्या. उद्याचा. उद्या दोन्ही उजेड एका जागी आले नाहीत, तर मी स्वतः वहिनींना ट्रकात बसवून देते."

"आन् आले तर?"

"आले तर ट्रक जाऊ द्या."

तो बनुबाईकडे बघत राहिला. मग म्हणाला, "उद्याच्याला कितीला निघायचं?"

जयमालाचं म्हणणं सरळ होतं. एका गावात ठिपका द्यायचा आणि दुसऱ्या गावात फोटो काढायचा, इथंच घोळ आहे. दिवाच पुण्याला न्यायचा. एकाच खोलीत, एकाच टेबलावर, बाईला न उठवता दोन्ही तपासण्या करायच्या. अवधूत सर आधी म्हणाले, "अगं, माधुरी मॅडम हसतील." मग स्वतःच फोन लावला. एवढा मोठा माणूस, पण पटलं की माघार घ्यायला लाजत नाही, हे मी त्यांच्याबद्दल मान्य करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलची जीप निघाली. पुढं सर, मागं आम्ही तिघी, सहादेव आणि बन्सीकाकांचं खोकं. जीपमध्ये चढता चढता बनुबाईनं मला हळूच विचारलं, "आज करू का नगं आंगूळ?" "नको गं बाई," मी म्हटलं, आणि तिचा हात धरला. तो हात मी वाटेतलं सुपा गाव मागं पडलं तरी सोडला नाही.

पुण्यात माधुरी मॅडम हसल्या नाहीत, पण भुवया मात्र वर गेल्या. जयमालानं त्यांच्या मशीनच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पडद्याचा उजेड झाकला. बनुबाईला टेबलाच्या कडेला पालथं झोपवलं, छाती कडेवरून खाली सुटी राहील असं. उजव्या दंडात औषधाची सुई दिली. मॅडम म्हणाल्या, "औषध पसरायला दहा मिनिटं लागतात."

"मलाही दहाच लागतात," जयमाला म्हणाली, आणि दिवे बंद केले.

चार मिनिटं झाली असतील, एक टेक्निशियन चहाचा ट्रे घेऊन दार उघडून आत आला. "दार!" जयमाला अशी ओरडली की ट्रे हातातून पडता पडता वाचला. "झालं, पुन्हा सुरुवात," ती म्हणाली. माधुरी मॅडम अंधारात पहिल्यांदा हसल्या. "थोडं जास्त झालं तरी औषध काही पळून जात नाही. मोज तू."

मग दिवा लागला. लालसर उजेडात फुली दिसली. जयमालानं कातडी ओढली, फुली सरकली, सावली राहिली. तिनं मॅडमना हाक मारली, "बघा मॅडम." त्या वाकल्या. जयमालानं कातडी सोडून सावलीच्या मधोमध निळा ठिपका दिला, त्यावर मॅडमनी आपल्या हातानं बोळा चिकटवला. जयमाला बनुबाईला म्हणाली, "ताई, आता श्वास घ्या पण हलू नका." मॅडमनी मशीन छातीच्या बाजूला आणलं.

पडद्यावर ठिपके जमायला लागले. एकेक, सावकाश. मी देवाधर्माची बाई, पण त्या वेळी मला एकही नाव आठवेना. मला फक्त एवढंच हवं होतं, की माझ्या हातून झालेलं निस्तरावं. पाच मिनिटं गेली. पडद्यावर एकच उजेड होता.

"खुणेचा कुठला आणि गाठीचा कुठला?" सरांनी विचारलं.

मॅडमनी बोळा काढला. पुन्हा फोटो. उजेड तिथंच, थोडा मंद. बोळा लावला, तोच उजेड लख्ख. मशीन फिरवून दुसऱ्या बाजूनं घेतला, तरी तेच. माधुरी मॅडम जयमालाकडे वळून म्हणाल्या, "तुमचा माणूस आणि आमचा माणूस एकच आहे." तिचं ते जेवायला बसण्याचं वाक्य सरांनी त्यांना कधीतरी सांगितलं असणार.

बनुबाई पालथीच पडून सगळं ऐकत होती. तिला कुणी काही समजावलं नव्हतं, पण ती काही खुळी नव्हती. "म्हंजी हाय," ती म्हणाली.

जयमाला तिच्या डोक्याशी बसली. "हाय," ती म्हणाली. एरवी माझ्यासमोर शुद्ध बोलणारी ही पोरगी त्या क्षणी आपल्या आईच्या बोलीत बोलली. "पन कुटं हाय ते आता ठाऊक हाय. जाऊन जाऊन जातीय कुटं ती?"

सुई तिथंच घातली, ठिपक्यावर. दोन दिवसांत निकाल आला. गाठ वाईटच होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक गेला, सहादेव गेला नाही. त्याच आठवड्यात अवधूत सरांनी ऑपरेशन केलं. डावी छाती पूर्ण काढावी लागली. पण काखेतल्या सगळ्या गाठी तपासल्या, एकीतही काही नव्हतं. सर थिएटरमधून बाहेर आले ते थेट डार्करूमकडे गेले. दार वाजवलं, परवानगी मिळेपर्यंत थांबले, आणि मग सांगितलं, "वेळेवर सापडली, जयमाला." आतून आवाज आला, "बरं सर. दार लावून घ्या, फिल्म उघडी आहे." घ्या, हा मनमिळाऊपणा!

टाके काढले त्या दिवशी मी बनुबाईला म्हटलं, "आज पहिली आंघोळ कर." ती खाटेवरून उठेना. उद्या म्हणाली, परवा म्हणाली. तिसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. आता नाही बोलले तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं.

"बनुबाई, तो ठिपका पुसला गेला ना, ती चूक माझी. आंघोळ करून जा असं मीच तुला बजावलं होतं. आणि सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. मला माफ कर."

"ते मला ठावंच हाय की."

"कुणी सांगितलं?"

"कोन कशाला सांगंल? तुमीच सांगितलं हुतं ना मला आंगुळीचं, मंग मला न्हाई तर कुनाला ठावं असंल?" ती हसली. "म्या तवाच बोलनार हुते. पर तुमी जीपमदी माजा हात धरला, आन् सुपा गेलं तरी सोडंनात. म्हनलं जाऊ द्या, हिचाच जीव माज्यापरीस जास्त घाबरलाय." आणि मान खाली घालून म्हणाली, "आता आंगूळ तुमीच घाला. मला न्हानीत जायची भ्या वाटती. सवताकडं बगवंना."

मी तिला न्हाणीघरात नेलं, बादलीत पाणी काढलं, पाट ठेवला. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. पदर सोडेना. मी वीस वर्षं सिस्टरचं काम केलेली, पण मला काय करावं ते सुचेना. तेवढ्यात टॉवेल घेऊन जयमाला आली. तिनं आमच्या दोघींकडे बघितलं, आत येऊन दार लावलं, आणि दिवा मालवला.

"दहा मिनिटं बसू," ती म्हणाली. "मग बघायचं."

आम्ही तिघी त्या ओल्या फरशीवर अंधारात बसलो. नळ ठिबकत होता. हळूहळू दाराच्या फटीतून येणारा उजेड दिसायला लागला, मग बादली दिसली, मग एकमेकींचे चेहरे. जयमालानं घाई केली नाही. शेवटी बनुबाईनंच पदर बाजूला केला आणि खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. व्रणावरून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"सरळ शिवलंय," ती म्हणाली. मग मला म्हणाली, "घाला आता पानी. फकस्त वजरीनं घासू नगा."

मी रडत होते आणि हसतही होते. तांब्या भरला, पाणी हातावर घेऊन बघितलं, आणि नुसत्या हातानं तिला आंघोळ घातली.